सेल्फ का फिरत नाही? – जुन्या डिझेल गाडीच्या प्रारंभयंत्रणेतील विद्युतदोषांचा अभ्यास

आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी आम्ही काही जण वाहनांच्या विजेच्या कामात स्थिरावलो. कोणी आयटीआयमध्ये शिकले, तर कोणी गॅरेजमध्ये उमेदवारी करत हातानेच विद्या मिळवली. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा आठवणींऐवजी उपयोगी पडेल असे काही लिहावे, असे आम्ही ठरवले. आपल्या पालकवर्गात आणि समाजबांधवांत जुनी डिझेल गाडी बाळगणारे पुष्कळ आहेत. खासगी वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. अशी नूतनीकरणे करत चालवलेल्या जीप, ट्रॅक्स, सुमो, इंडिका अकोल्यापासून जामखेडपर्यंत आजही दिसतात. त्या गाड्यांवर भाजीपाला बाजारात जातो, माणसे तालुक्याला जातात आणि रात्री-अपरात्री आजारी माणूस दवाखान्यात पोहोचतो. म्हणून सकाळी किल्ली फिरवल्यावर सेल्फ फिरला नाही, तर त्या घराचा दिवसच अडतो.

एका जीपची हकिगत

अकोले तालुक्यातील राजूरच्या बाजूचे एक पालक काही वर्षांपूर्वी आपली जुनी जीप घेऊन आमच्याकडे आले होते. त्यांची मुलगी तेव्हा आपल्या वसतिगृहात शिकत होती. कळसूबाईच्या परिसरातील हिवाळा कडक असतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे त्यांची जीप किल्लीने सुरू होत नसे. दुपारी मात्र विनातक्रार चाले. दोन वर्षांत त्यांनी दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या आणि सेल्फही उघडून दुरुस्त करून घेतला होता. शेवटी त्यांनी गाडी रोज उतारावर लावण्याची सवय करून घेतली. ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची, गियर टाकायचा आणि क्लच सोडायचा.

एका रात्री गाडी उतारावर नव्हती. गावातील एका बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे होते आणि सेल्फ नुसता कण्हत राहिला. धक्का मारायला पुरेशी माणसे जमेनात. शेजारच्या गावातून दुसरी गाडी येईपर्यंत पाऊण तास गेला. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, हे सुदैव. दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “भाऊ, बॅटरी नवीन आहे, सेल्फ नवीन केलाय. आता इंजिनच बदलू का?”

इंजिन बदलावे लागले नाही. दोष कुठे होता ते पुढे येईलच. तो सापडला तो अंदाजाने नव्हे, मोजमापाने. आणि ते मोजमाप ज्याला शिकायचे आहे त्याला शिकता येते. तेच या लेखात मांडत आहोत.

डिझेल इंजिनाला सेल्फची एवढी गरज का?

पेट्रोल इंजिनात ठिणगी इंधन पेटवते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा जोराने दाबली जाते, दाबामुळे ती तापते आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. जुन्या लहान डिझेल इंजिनांत हवा मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या भागापर्यंत किंवा त्याहूनही अधिक दाबली जाते. एवढा दाब निर्माण करायला सेल्फला मोठा जोर लावावा लागतो. तो जोर पुरेशा वेगाने लागला नाही, तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात आणि डिझेल पेटत नाही. म्हणजे डिझेल गाडीत ‘सेल्फ फिरतोय’ एवढे पुरत नाही. तो वेगाने फिरावा लागतो.

या कामासाठी १२ व्होल्टची बॅटरी काही क्षण दीडशे ते तीनशे अँपिअर प्रवाह देते. घरातील साधा पंखा अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा भार कळतो. थंडीत इंजिनातील ऑइल घट्ट होते, त्यामुळे सेल्फला अधिक प्रवाह लागतो. आणि त्याच वेळी थंड बॅटरीची प्रवाह देण्याची शक्ती कमी झालेली असते. जो दोष दुपारी लपून राहतो तो पहाटे उघडा पडतो, त्याचे कारण हे.

सांध्यात हरवणारे व्होल्ट

आता शाळेत शिकलेला ओहमचा नियम आठवावा. प्रवाहाला रोधाने गुणले की त्या रोधावर खर्च होणारे व्होल्ट मिळतात. एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध केवळ ०.०१ ओहम आहे असे समजू. साधा मल्टिमीटर हा रोध दाखवूही शकत नाही; तो शून्यच दाखवील. हेडलाइटचा १० अँपिअर प्रवाह त्या सांध्यातून गेला तर ०.१ व्होल्ट हरवतो; दिवे लख्ख लागतात आणि सांधा निर्दोष वाटतो. परंतु सेल्फचे २०० अँपिअर त्याच सांध्यातून जाऊ लागले की २ व्होल्ट हरवतात. असे दोन सांधे असले की सेल्फपर्यंत पोहोचणारी शक्ती निम्म्यावर येते.

‘दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे वायरिंग ठीक आहे’ हा समज यामुळेच फसवा ठरतो. रोध मोजून हा दोष सापडत नाही. प्रवाह वाहत असतानाच व्होल्ट मोजावे लागतात. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही.

प्रवाहाचा मार्ग

बॅटरीच्या धन टोकापासून जाड केबल सेल्फवरील सोलेनॉइडच्या मोठ्या बोल्टला येते. अनेक गाड्यांत या बोल्टावर ३० हा क्रमांक असतो. किल्ली ‘स्टार्ट’वर नेली की इग्निशन स्विचमधून, काही गाड्यांत रिलेमार्गे, एक बारीक वायर सोलेनॉइडच्या ५० क्रमांकाच्या टोकाला वीज देते. सोलेनॉइड आतील दांडा ओढतो. त्या एका हालचालीने दोन कामे होतात : सेल्फचा छोटा गियर फ्लायव्हीलच्या दातांत अडकतो आणि आतील तांब्याचे जाड संपर्क जुळून मुख्य प्रवाह मोटरला मिळतो. मोटरमधून हा प्रवाह सेल्फच्या बॉडीत, तेथून इंजिनात, इंजिनातून अर्थिंगच्या पट्टीने चासीत आणि चासीतून बॅटरीच्या ऋण टोकाला परत येतो.

जाण्याचा मार्ग सगळे तपासतात. परतीचा मार्ग बहुधा कोणी पाहत नाही. वास्तविक दोन्हींतून तेवढाच प्रवाह वाहतो.

आवाजावरून पहिले निदान

हत्यार हातात घेण्यापूर्वी सहकाऱ्याला किल्ली फिरवायला सांगावे आणि कान देऊन ऐकावे.

काहीच आवाज आला नाही, तर दोष बहुधा बारीक वायरच्या मार्गात असतो : इग्निशन स्विच, रिले, सैल थिंबल किंवा तुटलेली वायर. बॅटरी पूर्ण मृत असल्यासही असेच होते, पण तेव्हा दिवेही लागत नाहीत.

एकच जोरदार ‘टक्’ आवाज आला आणि मोटर फिरली नाही, तर सोलेनॉइडने काम केले, पण प्रवाह मोटरपर्यंत पोहोचला नाही किंवा मोटरने तो घेतला नाही. सोलेनॉइडचे जळालेले संपर्क, झिजलेले कार्बन ब्रश, सैल मुख्य केबल आणि क्वचित अडकलेला गियर, ही त्याची कारणे.

‘टक्-टक्-टक्’ असा सलग आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा एखाद्या सांध्यात व्होल्ट हरवत आहेत. सोलेनॉइड ओढतो, भार पडताच व्होल्ट कोसळतात, तो सुटतो, व्होल्ट परत येतात आणि तो पुन्हा ओढतो.

सेल्फ कण्हत, हळूहळू फिरला, तर बॅटरी, केबल, अर्थिंग आणि शेवटी स्वतः सेल्फ, या क्रमाने पाहावे.

सेल्फ वेगाने फिरला, पण इंजिन पकडले नाही, तर सेल्फला दोष देऊ नये. तो तपास वेगळा आहे आणि तो पुढे दिला आहे.

सेल्फवर हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकल्यावर गाडी एखाद्या वेळी सुरू होते. त्याचा अर्थ बहुधा कार्बन ब्रश झिजले आहेत आणि ठोक्याने ते क्षणभर टेकले. ती दुरुस्ती नव्हे. ब्रश बदलण्याची वेळ झाल्याची ती खूण आहे.

मोजमापाचा क्रम

काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प आणि एक सहकारी एवढे पुरेसे आहे. गाडी न्यूट्रलमध्ये असावी, हँडब्रेक ओढलेला असावा. मोजमाप चालू असताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंजिन बंद करण्याची केबल ओढून धरावी किंवा इंजेक्शन पंपावरील कट-ऑफ सोलेनॉइडची वायर काढून ठेवावी.

पहिली पायरी विश्रांतीतील बॅटरीची. हेडलाइट एक-दोन मिनिटे लावून बंद करावेत आणि थोड्या वेळाने दोन्ही टोकांवर व्होल्ट मोजावेत. १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकाम्या बॅटरीवर पुढील कोणतीही चाचणी करू नये. आधी ती चार्ज करून घ्यावी.

दुसरी पायरी भाराखालील बॅटरीची. सहकाऱ्याने पाच-सात सेकंद सेल्फ मारावा आणि आपण बॅटरीच्या टोकांवर मीटर पाहावा. भरलेल्या बॅटरीचे व्होल्ट ९.६ च्या खाली घसरले, तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो आहे. व्होल्ट १०.५ च्या वर राहिले आणि तरी सेल्फ हळू फिरला, तर बॅटरीला नावे ठेवू नयेत. दोष पुढे आहे.

तिसरी पायरी धन बाजूची. मीटरची एक सळई बॅटरीच्या धन टोकाच्या शिशाच्या खुंटीवर टेकवावी, क्लॅम्पवर नव्हे. दुसरी सेल्फच्या मोटरला जाणाऱ्या बोल्टावर. सेल्फ मारण्यापूर्वी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवील, म्हणून तो २० व्होल्टच्या पट्ट्यावर ठेवावा. सेल्फ फिरत असताना दिसणारा आकडा म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. तो ०.५ पेक्षा कमी असावा. अधिक असल्यास सळई एकेक सांधा मागे घेत जावे. ज्या सांध्यापाशी आकडा एकदम उतरतो, तो सांधा दोषी. सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांमध्येच ०.३ पेक्षा जास्त व्होल्ट हरवत असतील, तर आतील तांब्याचे संपर्क जळालेले आहेत.

चौथी पायरी ऋण बाजूची. एक सळई बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरी सेल्फच्या बॉडीच्या स्वच्छ धातूवर. सेल्फ मारताना ०.३ व्होल्टपर्यंत चालेल. त्याहून अधिक म्हणजे अर्थिंग खराब. मग एक सळई इंजिनावर आणि दुसरी चासीवर ठेवून पाहिले, तर दोष पट्टीत आहे की चासीपासून बॅटरीपर्यंत, हेही कळते.

पाचवी पायरी बारीक वायरची. सेल्फचा काहीच आवाज नसेल, तेव्हा टेस्ट लॅम्पचे एक टोक इंजिनाच्या धातूला आणि दुसरे ५० क्रमांकाच्या टोकाला लावून किल्ली फिरवावी. दिवा लख्ख लागला आणि तरी सोलेनॉइडने हालचाल केली नाही, तर दोष सोलेनॉइडमध्ये किंवा मोटरच्या ब्रशमध्ये आहे. दिवा लागलाच नाही, तर रिले आणि इग्निशन स्विचपर्यंत मागे जात तपासावे. दिवा मंद लागला, तर स्विचचे संपर्क झिजले आहेत.

जीपचा दोष

त्या जीपवर आम्ही याच क्रमाने मोजले. विश्रांतीत बॅटरी १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.८. धन बाजूला हरवलेले व्होल्ट ०.४, म्हणजे ठीक. ऋण बाजूला मात्र तब्बल २.७. सेल्फच्या वाट्याला उरले ७.७ व्होल्ट. नवी बॅटरी काय आणि नवा सेल्फ काय, एवढ्यावर थंड डिझेल इंजिन फिरणार कसे?

गाडीखाली जाऊन पाहिले. इंजिन आणि चासी यांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी निम्म्याहून अधिक तुटून हिरवी पडली होती. आणि तिचे चासीकडील टोक रंगाच्या थरावरच बोल्टने आवळलेले होते. पूर्वी केव्हा तरी क्लचच्या कामासाठी इंजिन उतरवले असताना ते तसे बसवले गेले असावे. आणखी एक खूण होती : सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागत होती. पट्टीतून वाट न मिळालेला प्रवाह त्या बारीक पोलादी केबलमधून परतीची वाट शोधत होता. ॲक्सिलरेटर किंवा क्लचची केबल विनाकारण गरम किंवा घट्ट होऊ लागली, तर आधी अर्थिंग पाहावे.

खात्रीसाठी एक जंपर केबल इंजिनाच्या धातूपासून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली. सेल्फ लगेच वेगाने फिरला. मग नवी पट्टी घेतली, दोन्ही जागांचा रंग आणि गंज कागदाने घासून धातू उघडा केला, बोल्ट आवळले आणि वरून व्हॅसलिन लावले. पुन्हा मोजले : ऋण बाजूला ०.२, सेल्फला १०. त्या पालकांनी बदललेल्या दोन बॅटऱ्यांच्या खर्चापुढे त्या पट्टीची किंमत किरकोळ होती.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

अशा वेळी मागे जाऊन सायलेन्सरचा धूर पाहावा. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे पण पेटत नाही. थंडीत याचा अर्थ बहुधा हीटर प्लग निकामी झाले आहेत. धूरच नसेल, तर डिझेल पोहोचतच नाही.

डिझेल अँबॅसडर किंवा जुनी इंडिका यांसारख्या गाड्यांत डिझेल आधी एका छोट्या कक्षात फवारले जाते आणि तो कक्ष तापवण्यासाठी प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. प्लग समांतर जोडलेले असतील, तर एखादा जळाला तरी उरलेले काम करतात. इंजिन सुरुवातीला अडखळते आणि मग सरळ होते. फार जुन्या काही इंजिनांत ते माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. तेथे एक जळाला की सगळे बंद.

समांतर प्लग तपासण्यासाठी त्यांवरील जोडपट्टी काढावी. टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या धन बाजूला आणि दुसरे प्रत्येक प्लगच्या टोकाला लावावे. दिवा लागला तर आतील तार शाबूत, न लागला तर प्लग जळालेला. माळेतील प्लग कमी व्होल्टचे असतात. त्यांना थेट १२ व्होल्ट कधीही देऊ नयेत. सगळे प्लग चांगले असून तापत नसतील, तर जोडपट्टीवर वीज येते का ते पाहावे. न आल्यास फ्यूज किंवा रिले तपासावा.

धूर नसल्यास पंपावरील कट-ऑफ सोलेनॉइड पाहावा. किल्ली ‘ऑन’ करताच तेथे बारीक ‘टिक्’ आवाज यावा. या सोलेनॉइडला वीज मिळाली नाही, तर तो डिझेलची वाट बंदच ठेवतो. वीज येते आणि ‘टिक्’ही होते, तर मग डिझेलमधील हवा, फिल्टर इत्यादींचा विचार करावा, तो विजेचा विषय नव्हे.

बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते तेव्हा

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. कमी दिसल्यास पट्टा सैल आहे किंवा अल्टरनेटर थकला आहे. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरीचे पाणी आटते आहे. चार्जिंग ठीक असून सकाळी बॅटरी उतरलेली असेल, तर रात्रभर कोठे तरी वीज झिरपते. ऋण क्लॅम्प काढून त्याच्या आणि खुंटीच्या मध्ये मीटर अँपिअरवर जोडावा. गाडी पूर्ण बंद असताना ०.०५ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह असू नये. जास्त असल्यास एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा उतरतो, त्या वाटेवर दोष. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळेल.

सावधगिरी

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ काडी, बिडी, ठिणगी नको. क्लॅम्प काढताना ऋण आधी काढावा, लावताना शेवटी लावावा. जंपर केबलचे शेवटचे टोक बॅटरीवर न लावता इंजिनाच्या धातूवर लावावे. ॲसिड अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी. स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे बोल्ट जोडून सेल्फ फिरवण्याची खोड अनेकांना असते. गाडी गियरमध्ये राहून पुढे सरकल्यास ती जिवावर बेतते. ती खोड सोडावी.

शेवटी

माजी विद्यार्थ्यांपैकी जे या व्यवसायात आहेत, त्यांना एक विनंती. गिऱ्हाइकाला भाग बदलायला सांगण्यापूर्वी त्याला मीटरवरील आकडा दाखवावा. आणि गाडीमालकांनी तो आकडा मागावा. ‘बॅटरी गेली’ असे कोणी म्हटले, तर ‘सेल्फ मारताना किती व्होल्ट राहिले?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ खर्च वाचतो. दर वर्षी दिवाळीनंतर, थंडी पडण्यापूर्वी, वरील चार मोजमापे घेऊन ती वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. मागील वर्षाचा आकडा समोर असला, म्हणजे बिघाड होण्यापूर्वीच त्याची चाहूल लागते.

राजूरच्या बाजूचे ते पालक पुढच्या हिवाळ्यात मुलीला वसतिगृहात सोडायला त्याच जीपने आले होते. तिच्या विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानावर तिने वडिलांच्या गाडीचे आकडे लिहिले होते : १२.६, १०.६, ०.४, ०.२. जीप आता रात्री घरासमोरच्या सपाट अंगणात उभी असते, असे त्यांनी सांगितले.